पाळी गेल्यावरही बाई इतकी वर्षं का जगते?

वनजा (धागाकर्ती)
निसर्गाला वंशवाढीशीच मतलब असेल, तर पन्नाशीत पाळी गेलेली बाई पुढे वीस-तीस वर्षं कशासाठी जगते? मला 'आजी सिद्धांत' पूर्ण पटतो, म्हणजे आजीच्या मदतीनं नातवंडं जगतात, म्हणून बाईचं आयुष्य लांबलं. टांझानियातल्या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाद्झा लोकांमध्ये मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की म्हाताऱ्या बायका टोकदार काठ्यांनी कडक जमीन उकरून कंद काढतात. लहान पोरांना ते झेपत नाही. आई नव्या बाळात अडकली, की आधीच्या मुलाचं वजन वाढणं आजीच्या कष्टांशी जोडलेलं दिसतं. नातवंडं जगली, की आजीची दीर्घायुष्याची जनुकंही पुढे जातात.

स्पष्टवक्ता
पूर्वी सरासरी आयुष्य तिशी-पस्तिशीचं. म्हातारपण ही औषधांची आणि स्वच्छ पाण्याची देणगी! त्यात उत्क्रांती कुठे आली?

वनजा
@स्पष्टवक्ता, ती सरासरी बालमृत्यूंमुळे खाली येते. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांची आकडेवारी गर्व्हन आणि कॅप्लन या संशोधकांनी २००७ मध्ये मांडली. जी माणसं मोठी झाली, त्यांच्यात मृत्यूचं सर्वाधिक आढळणारं वय सत्तरीच्या आसपास होतं. तेही दवाखान्याविना.

चिकित्सा
म्हातारपण जुनं आहे, मान्य. पण ते आजीपणामुळेच आलं हे कशावरून? युगांडात न्गोगो इथल्या रानटी चिंपांझींवरचा अभ्यास २०२३ मध्ये आला. तिथल्या माद्यांची प्रजनन क्षमता पन्नाशीच्या सुमारास संपते आणि काही त्यानंतरही बरीच वर्षं जगतात. तिथे मुली वयात आल्या की बहुतेक दुसऱ्या टोळीत जातात, म्हणजे मुलीची पिल्लं आजीच्या वाट्याला येतच नाहीत. तरीही रजोनिवृत्ती आहेच!
आपल्याकडे ऊसतोडीला आईबाप गेले की कितीतरी घरांत आजीच पोरं सांभाळते. तिचं मोल कोण नाकारेल? पण आज उपयोग होतो म्हणून आयुष्य त्यासाठीच लांबलं, हे सिद्ध होत नाही.

वनजा
न्गोगोत खाणं मुबलक आणि बिबट्यांचं भय जवळपास नाही. अशा सुखवस्तू टोळीवरून सगळ्या चिंपांझींचा निष्कर्ष काढणं घाईचं आहे. उलट गॅम्बियातल्या खेड्यांचा अभ्यास बघा, आईची आई हयात असली की नातवंडं जगण्याची शक्यता वाढते.

चिकित्सा
आणि त्याच अभ्यासात वडिलांच्या आईचा तसा फायदा दिसला नाही, तेही सांगा ना! माझा मुद्दा तिथेच आहे. तुमचा सिद्धांत टिकायचा तर लाखो वर्षांपूर्वी मुली लग्नानंतरही आईजवळ राहत होत्या, हे आधी दाखवावं लागेल.