मदत हवी आहे: ओक्लाहोमात टॉर्नेडो आणि वणवा, दोन्हीची तयारी कशी करता?
आम्ही नुकतेच ओक्लाहोमा सिटीजवळ राहायला आलोय, एप्रिलमध्ये आई-बाबा पण येतायत. इथे वसंतात ड्रायलाइनच्या (दमट आणि कोरड्या हवेमधली सीमारेषा) पूर्वेला मेक्सिकोच्या आखातातली दमट हवा, म्हणजे मोठाल्या गारा नि टॉर्नेडो, आणि पश्चिमेला कोरडा सोसाट्याचा वारा नि वाळलेलं गवत, म्हणजे वणवा, कधीकधी दोन्ही एकाच दिवशी! 2024 मध्ये शेजारच्या टेक्सास पॅनहँडलमधली (टेक्सासचा उत्तरेकडचा भाग) स्मोकहाउस क्रीकची आग 10 लाख एकरांच्या वर गेली, ते वाचून धास्तीच घेतलीय. आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, बेसमेंट नाही, बाबांना गुडघ्यामुळे जिना पटकन उतरवत नाही. वॉर्निंग (टॉर्नेडो दिसलाय किंवा रडारवर आढळलाय) आली की खालच्या शेजाऱ्यांकडे जायचं की वॉच (टॉर्नेडोची नुसती शक्यता) लागल्यावरच शेल्टर गाठायचं? रात्रीसाठी वेदर रेडिओ (हवामानाचा इशारा आला की वाजणारा रेडिओ) घ्यावा का? आणि वणव्यामुळे निघावं लागलं तर औषधं-पासपोर्ट सोडून बॅगेत अजून काय ठेवता? तिकडे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा.