हॉलमार्क नाही म्हणून तलवार नकली ठरत नाही
जुन्या तलवारींबद्दल एक दावा केला जातो की चांदीच्या मुठीवर हॉलमार्क नसेल तर तलवार संशयास्पद. इंग्लिश तलवारींपुरतं ते ठीक. पण वसाहतकालीन अमेरिकेत लंडनसारखी चांदीचा कस तपासून छाप मारणारी व्यवस्थाच नव्हती. बॉस्टनचा चांदीकाम करणारा जेकब हर्ड घ्या, तो फक्त आपल्या नावाचा ठसा मारायचा. पातं बहुधा युरोपातून यायचं, मूठ अमेरिकेतला चांदीकाम करणारा घडवायचा. म्हणून पात्यावर जर्मन खूण आणि मुठीवर अमेरिकी नाव दिसलं तर बिचकू नका.

आणि जॉर्ज वॉशिंग्टनची अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातली तलवार जरूर बघा! हिरव्या रंगवलेल्या हस्तिदंताची मूठ, तिला चांदीच्या पट्टीचा वेढा. न्यूयॉर्कमधल्या फिशकिल गावच्या जॉन बेलीचं काम. १८४३ मध्ये ती देशाला भेट मिळाली, आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. माझ्या मते त्या काळातली ही सर्वांत देखणी मूठ.