सम शोधू नका, क्लावे ऐका
कुणीतरी लिहिलंय की लॅटिन जॅझ म्हणजे अमेरिकन ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीने बीबॉपला (1940 च्या दशकातला वेगवान जॅझ) दिलेली कोंगाची (हाताने वाजवायचा उंच क्यूबन ढोल) फोडणी, बस्स. अर्धंच खरंय हे. 1947 मध्ये क्यूबन कोंगावाल्या चानो पोझोची डिझीशी गाठ घालून दिली ती मारिओ बाउझाने, आणि हा क्यूबन ट्रम्पेटवाला त्याच्या कितीतरी आधीपासून न्यूयॉर्कमध्ये माचितोच्या बँडमध्ये (माचितो त्याचा मेहुणाच) हाच उद्योग करत होता, फक्त नाव डिझीचं झालं.

आणि नुसता कोंगा आणून बसवला म्हणजे झालं असं नाही हो, खरी गंमत क्लावेत आहे, दोन लाकडी दांडक्या, दोन बारमध्ये (बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन) पाच ठोके, एकात तीन दुसऱ्यात दोन, सोलोवाल्याने हवं तिकडे भटकावं पण हे भान सोडायचं नाही. मी लहानपणी तबला शिकलोय त्यामुळे वाटलं आपल्याला सोपं जाईल, तर कसलं काय! समेवर मान हलवायला जावं तर बासवाला (खर्जाचे सूर वाजवणारा) बऱ्याचदा पहिल्या मात्रेवर वाजवतच नाही, पुढच्या बारचा सूर आधीच्या बारच्या चौथ्या मात्रेलाच लावून मोकळा होतो.