अकेशिया एकदम साफ केला तर मातीतल्या कार्बनचं काय होतं?

रानातली_लेक:
नमस्कार मंडळी. सावंतवाडीजवळ आमची उतारावरची अडीच एकर जागा आहे, बाबांनी वीसेक वर्षांपूर्वी तिथे अकेशिया लावला होता. आता व्यापारी म्हणतोय सगळा एकदम तोडतो, फांद्या तिथेच जाळू, म्हणजे काजूची कलमं लावायला रान मोकळं. परवा जाऊन पाला बाजूला केला तर खाली चार बोटं काळी भुसभुशीत माती, त्यात बुरशीचे पांढरे धागे, आणि त्याखाली लगेच तांबडा जांभा. बाबा म्हणतात लावताना ही काळी माती नव्हतीच. ती जाईल का हो? आणि कुठेतरी वाचलं की तोडीनंतर जमिनीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणजे कार्बन मातीतच राहिला असं धरायचं का?

माती_तपासनीस:
नाही ताई, इथेच गल्लत होते. जमीन श्वास सोडते म्हणजे दोघं जण सोडतात, एक जिवंत मुळं (आणि त्यांच्यावर जगणारी बुरशी), दुसरे पालापाचोळा नि जुना ह्युमस (पाला कुजून झालेला काळा भाग) खाणारे जिवाणू वगैरे. स्वीडनमध्ये एक प्रयोग झालेला, 2001 साली छापून आला, त्यात पाइनच्या बुंध्यांची साल गोल सोलली, पानातली साखर मुळांकडे उतरायची थांबली, आणि झाडं उभी असूनही दोनेक महिन्यांत जमिनीचं श्वसन जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे तुम्ही वाचलं ती घट बरेचदा मुळांची असते. खाणारे तसेच आहेत, सावली गेल्याने माती तापते, आणि ओल असेल तर दहा डिग्री वाढीला त्यांचा वेग साधारण दुप्पट होतो. वरून नवा पाला यायचा बंद, खाणारी तोंडं तेवढीच, मग साठाच संपणार ना. काही ठिकाणी मेलेली मुळं आणि फांद्या कुजायला लागल्या की एकूण आकडा उलट वाढतो, म्हणून नुसता श्वसनाचा आकडा बघून काहीच ठरवू नका.

समशीतोष्ण जंगलांतल्या बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशोब 2010 मध्ये आला होता, त्यात तोडीनंतर वरच्या पाल्याच्या थरातला कार्बन सरासरी 30 टक्के घटला, खालच्या खनिज मातीत मात्र सरासरीने फारसा फरक नव्हता. पण तिथे आपला पाऊस नाही, आणि तुमची सगळी कमाई त्या वरच्या चार बोटांत आहे.

कणकवलीचा_काका:
बाय माझे, जाळू नको. मी जाळलं होतं, मे महिन्यात, जेसीबी लावून खुंटसुद्धा उपटले. जूनच्या पहिल्या दोन सरींत राख आणि काळी माती ओहोळात गेली, पाणी चहासारखं वाहत होतं, आजही ते डोळ्यासमोर आहे. वर अकेशियाचं बी आगीने तडकून असं काही उगवलं की दोन वर्षं उपटतोय. खुंट जागेवर कुजू दे, मुळं माती धरून ठेवतात. फांद्या उताराला आडव्या रचून ठेव, आणि जमलं तर यंदा आडवे पट्टे तोड, मधले पट्टे कलमं धरल्यावर. व्यापारी भाव थोडा कमी देईल, देऊ दे.

माती_तपासनीस:
काका अगदी बरोबर. एक राहिलं ताई, तोडीआधीच नमुने घ्या, 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटर वेगवेगळे, आणि नळी ठोकून मातीची घनताही काढा. कारण ट्रकखाली माती दबली की त्याच 15 सेंटिमीटरमध्ये जास्त माती मावते आणि कार्बन वाढल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात काही वाढलेलं नसतं. घनता घन सेंटिमीटरला 1.3 ग्रॅम धरली तर 30 सेंटिमीटरपर्यंत हेक्टरी 3900 टन माती, म्हणजे रिपोर्टमधला एक टक्का सेंद्रिय कर्ब म्हणजे 39 टन कार्बन. अर्धा टक्का गेला तरी किती होतात बघा.

रानातली_लेक:
बाबांना वाचून दाखवलं. जाळणं रद्द, ते स्वतःच म्हणाले. पट्ट्यांचं व्यापाऱ्याशी उद्या बोलतोय. रविवारी नमुने घ्यायला जातेय, घनतेसाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून नेला तर चालेल ना, जांभ्यात घुसेल का तो?

माती_तपासनीस:
वरच्या काळ्या थरात घुसेल, खाली फुटेल. लोखंडी पाइप घ्या, कड घासून धार करा, वर लाकडाची फळी ठेवून ठोका.