फोटो लावायला आणि एडिट करायला लाइटरूम घ्यावं की डार्कटेबलवर भागेल? सल्ला हवाय

मंडळी, निकॉन कॅमेऱ्याच्या एनईएफ (रॉ, म्हणजे कच्च्या फाइली) आणि मोबाईलचे मिळून ४० हजार फोटो झालेत, दोन हार्डडिस्कवर पडलेत, निम्मे फोल्डर 'न्यू फोल्डर (३)' असल्या नावाचे. परवा भिगवणला एका सकाळीत फ्लेमिंगोंचे हजारभर काढले, ठेवण्यासारखे तीस असतील. गूगलचं फोटो लावायचं पिकासा होतं तोवर निभत होतं, ते २०१६ ला बंद झालं. लाइटरूमला दरमहा पैसे, आणि फुकटचं डार्कटेबल उघडलं तर इतकी बटणं की घाबरून बंदच केलं. लॅपटॉप ८ जीबी. काय करू?

प्रतिसाद
लाइटरूम क्लासिक (आपल्या डिस्कवरचे फोटो सांभाळणारं लाइटरूम) घे आणि मोकळा हो. नको त्या फोटोवर एक्स दाबत सुटायचं, शेवटी सगळे रिजेक्ट एकदम उडवायचे. फक्त फोल्डर हलवायचे ते आतूनच, बाहेरून हलवलेस की त्यावर प्रश्नचिन्ह येतं आणि मग शोधत बस.

प्रतिसाद
वर्गणी थांबवली की फोटो दिसतात, एक्स्पोर्ट पण होतात, पण डेव्हलप, म्हणजे एडिटिंगचा भाग, बंद, हे आधीच माहीत असू दे. आणि तुझं दुखणं एडिटिंगचं नाहीये रे, फोटो सापडत नाहीत हे आहे. त्याला डिजिकॅम हे फोटो लावायचं सॉफ्टवेअर टाक, फुकट आहे, चेहरे पण ओळखतं. सेटिंगमध्ये जाऊन टॅग (फोटो शोधायला लावलेले शब्द) फोटोच्याच फाइलीत, आणि एनईएफसाठी शेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलीत लिहायला सांग. मी लाइटरूममध्ये असताना आळस केला, कंट्रोल-एस मारून टॅग बाहेर उतरवलेच नाहीत, सगळे कॅटलॉगमध्ये, म्हणजे लाइटरूमच्या स्वतःच्या नोंदवहीत, आणि कॅटलॉगचा बॅकअप त्याच डिस्कवर. डिस्क गेली. फोटो दुसरीकडे होते म्हणून वाचले पण पाच वर्षांचे टॅग गेले ते गेलेच.
निवडलेल्या तीस फोटोंपुरतं डार्कटेबल उघड. एक्सपोजर (उजेड), सिग्मॉइड (उजेड-अंधाराचा मेळ), क्रॉप, डिनॉइज (फोटोतले दाणे घालवणं), एवढी चारच मॉड्यूल शिक, बाकीच्यांकडे बघू पण नकोस. ८ जीबीवर डिनॉइजला जरा रडेल, चालतं. एक मात्र आहे, यातलं एडिटिंग उद्या लाइटरूममध्ये नेता येणार नाही, टॅग आणि स्टार तेवढे जातात.

धागाकर्ता
डिजिकॅम टाकलं, रात्रभर स्कॅन करत होतं. फ्लेमिंगोला मराठीत टॅग काय देऊ, 'रोहित' हे नाव चालेल का?

प्रतिसाद
अग्निपंख दे. माझ्या भाच्याचं नाव रोहित आहे, शोधलं की तो मुंडावळ्या बांधून पक्ष्यांच्या थव्यात उभा दिसतो.