निरीक्षण, अवलोकन, पाहणी, पारख: कोणता शब्द कुठे?

बाळीवेस: सातवीच्या मुलांना सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यात न्यायचे आहे, त्यासाठी नोंदींचा तक्ता करतोय. रकाने असे: वेळ, ठिकाण, निरीक्षण, अवलोकन, शेरा. एकाचे म्हणणे, निरीक्षण आणि अवलोकन एकच. दुसऱ्याचे म्हणणे, अवलोकन जास्त खोल. कोणाचे बरोबर?

चुन्याची निवळी: दोघांचेही नाही. अवलोकन म्हणजे एकूणावर नजर फिरवणे. 'अवलोकनार्थ सादर' असे लिहून फाईल वर जाते, साहेब नजर टाकतात, खाली सही होते. त्यातून काही नोंद निघालीच पाहिजे असे नाही. निरीक्षणातून मात्र नोंद निघावीच लागते. तुम्हाला दुसरा रकाना हवाच आहे, फक्त त्याचे नाव 'अनुमान' ठेवा.

प्रयोगवही आठवा: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले. 'निवळी दुधाळ झाली' हे निरीक्षण. 'उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो' हे अनुमान. मुले निरीक्षणाखाली थेट 'कार्बन डायऑक्साइड दिसला' लिहितात आणि गुण घालवतात. तो वायू रंगहीन आहे, दिसणार कसा?

नान्नजलाही हेच होणार. माळढोक दिसेल अशी फार आशा धरू नका, काळविटे मात्र दिसतात. मुलगा लिहील, 'लांडग्याला घाबरून कळप पळाला.' लांडगा कोणी पाहिला? निरीक्षण असे हवे: 'सकाळी 7.10. एकूण 11. एक गडद, पिळाच्या शिंगांचा. दहा तांबूस, बिनशिंगी. सगळ्यांचे कान उभे, तोंडे ओढ्याकडे. दोन मिनिटांनी उलट दिशेला पळाले.' लांडगा अनुमानाच्या रकान्यात, तोही 'असावा' लावून. 'दहा माद्या' असेही लिहू देऊ नका. लहान नरही तांबूसच असतात आणि त्यांना शिंगे फुटलेली नसतात.

शेंगाचटणी: तक्ता छापण्याआधी ऱ्हस्वदीर्घ बघून घ्या. मूळ धातू 'ईक्ष्', म्हणजे पाहणे, आणि त्यातली ई दीर्घ आहे. निर् + ईक्षण = निरीक्षण. परि + ईक्षा = परीक्षा. प्रति + ईक्षा = प्रतीक्षा. सम् + ईक्षा = समीक्षा. मागे 'अ' आला की ए होतो: सर्वेक्षण, अपेक्षा, उपेक्षा, प्रेक्षक. परि + अव + ईक्षण = पर्यवेक्षण. 'निरिक्षक' आणि 'परिक्षा' अशा पाट्या लागतात त्या 'शिक्षक', 'शिक्षण' यांच्या नादाने. तिथे धातू 'शिक्ष्' आहे, म्हणून शि ऱ्हस्व.

याच घरातले दोन अस्सल मराठी शब्द म्हणजे निरखणे आणि पारखणे. निरीक्षण प्राकृतातून घासत आले ते निरखणे, परीक्षा आली ती पारख. 'न्याहाळणे'ही जवळचेच, पण त्यात थोडे कौतुक असते. आरशात न्याहाळतात, पर्जन्यमापकात नाही.

कडबा: निरखणे आणि पारखणे यांतला फरक बैलबाजारात सापडतो. खिलार खोंड आधी निरखायचा: चालताना मागचा पाय ओढतो का, खूर सारखे झिजलेत का, शिंगे जोडीची आहेत का. मग ओठ वर करून दात बघायचे. पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. दुधाचेच असतील तर आदत, दोन पक्के आले तर दुसा, चार आले तर चौसा, आठही आले की जुळला. इथवर निरीक्षणच. 'दुसा सांगतात, पण चौसा व्हायला आलाय, एवढी किंमत नाही' ही पारख. पारखीत किंमत ठरते.

'पाहणी' हा शब्द राहिलाच. पाहणी जागेवर जाऊन होते आणि तिच्यामागे अहवाल असतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो घ्यायचा, मग नोंद सातबाऱ्यावर जाते. तिला कोणी 'पीक निरीक्षण' म्हणत नाही. अवकाळीनंतर होते तीही नुकसानीची पाहणीच, आणि तिच्यातून पंचनामा निघतो.

ताणाबाणा: कापडाच्या धंद्यात निरीक्षण आणि पाहणी या दोन्हींऐवजी 'तपासणी' किंवा सरळ 'चेकिंग'. मापदंड आधी ठरलेला असतो आणि माल त्याला लावून बघायचा. चादर उजेडापुढे धरली आणि आडवा धागा तुटून माग तसाच चालल्याने पट्टीभर विरळ दिसले, की ती चादर बाजूला. निरीक्षणात काय दिसेल हे ठरलेले नसते, तपासणीत काय शोधायचे ते ठरलेले असते. 'लेखापरीक्षण' याच जातीचे.

बाळीवेस: मग पोलीस निरीक्षक कसले निरीक्षण करतात? आणि न्यायालय 'निरीक्षण नोंदवते' ते?

शेंगाचटणी: हुद्द्यातल्या निरीक्षणात देखरेख आणि अधिकार दोन्ही आले. शाळेत तेच काम 'पर्यवेक्षक' करतो. न्यायालयाचे निरीक्षण म्हणजे सुनावणीत किंवा निकालपत्रात मांडलेले मत; डोळ्यांनी पाहिलेले काही नव्हे. तेच मत कडक झाले की बातमीत 'ताशेरे ओढले' येते. वर्तमानपत्रे दोन्ही सरसकट वापरतात, ते चूक. साध्या मताला ताशेरे म्हणू नये.

चुन्याची निवळी: टेहळणी शत्रूची, पाळत माणसावर, तीही त्याच्या नकळत. राखण हुरड्यावरच्या पाखरांपासून. हे तिन्ही तुमच्या तक्त्यात नकोत.

वेळेचा रकाना मात्र पक्का ठेवा. पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठला घेतात आणि ती मागच्या 24 तासांची असते. मापनपात्र सपाट जागी ठेवून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून, पृष्ठभागाच्या खालच्या वळणाशी आकडा वाचायचा. वरून वाकून वाचला तर आकडा चुकतो. वेळ न लिहिलेला 12 मिलिमीटर कोणत्या दिवसाचा, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. काळविटांच्या आकड्याचेही तसेच.

बाळीवेस: बदलले. वेळ, ठिकाण, काय दिसले (निरीक्षण), काय वाटते (अनुमान). 'शेरा' काढला, तो शिक्षकांचा. वर मथळा 'पक्षीनिरीक्षण सहल'.

शेंगाचटणी: मथळ्यात 'पक्षिनिरीक्षण' करा. एकटा 'पक्षी' दीर्घ, समासात पहिला आला की क्षि ऱ्हस्व: पक्षिमित्र, प्राणिसंग्रहालय. आणि नोंदी काळविटांच्याच जास्त होणार असतील तर 'वन्यजीव निरीक्षण' लिहा, क्षिचा प्रश्नच मिटला.