रात्री ठणकणारी मांडी आणि ‘मॅरो इडिमा’चा रिपोर्ट: बायॉप्सी करावी का?

ऑर्थो_रेसिडेंट: मुलगा १७ वर्षांचा. चार महिने उजवी मांडी ठणकते, रात्री जास्त. नेप्रोक्सेन घेतलं की तासाभरात आराम. एक्स-रेत फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) शाफ्टचं, म्हणजे मधल्या लांब भागाचं, कॉर्टेक्स (हाडाचं बाहेरचं कठीण कवच) एका जागी जाड, बाकी काही नाही. सीआरपी, ईएसआर (सूज-जंतुसंसर्ग दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) नॉर्मल. एमआरआयचा रिपोर्ट: ‘मॅरो इडिमा, ऑस्टिओमायलायटिस की यूइंग्ज?’ म्हणजे हाडाच्या मगजात सूज; हाडाचा जंतुसंसर्ग की हाडाचा कॅन्सर, अशी शंका. थेट बायॉप्सी करावी का?

छायाप्रकाश: थांबा, आधी सीटी. हे ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचं (हाडातल्या छोट्या, कॅन्सर नसलेल्या गाठीचं) दुखणं वाटतंय. एमआरआयत आजूबाजूची सूज एवढी उजळते की मधला नायडस (गाठीचा छोटा गाभा) झाकला जातो. त्यात स्लाइस ४-५ मिमीचे आणि मध्ये गॅप, म्हणजे ६-७ मिमीचा नायडस सहज निसटतो. पण फॉर्मवर नुसतं ‘सीटी थाय’ लिहू नका, अख्ख्या मांडीचे जाड स्लाइस हातात पडतील आणि पुन्हा तेच. कॉर्टेक्स जाड आहे तेवढाच भाग, १ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइस, बोन कर्नल (हाडाच्या कडा ठळक करणारी प्रक्रिया), तिन्ही प्लेनमध्ये रिफॉर्मॅट (तिन्ही दिशांनी प्रतिमा), असं स्पष्ट लिहा. रेडिएशनही वाचतं. बघताना विंडो (स्क्रीनवरच्या करड्या छटांची मर्यादा) रुंद ठेवा (विड्थ २०००, लेव्हल ५०० च्या आसपास), नाहीतर स्क्लेरोसिसच्या (दाट झालेल्या हाडाच्या) पांढऱ्यात काहीच कळत नाही.

बोनस्कॅन: ब्रोडीज ॲब्सेसमध्येही (हाडातला जुना, साचलेला पू; दिसायला असाच) सीआरपी नॉर्मल असू शकतो, त्यावर विसंबू नका. नायडसची आतली कड गुळगुळीत आणि कॅल्सिफिकेशन बरोबर मधोमध. ॲब्सेसची कड ओबडधोबड, सिक्वेस्ट्रम (मेलेल्या हाडाचा तुकडा) एका बाजूला. नायडसकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या खाचा दिसल्या तर शंका बरीच मिटते. तरी अडलंच तर डायनॅमिक कॉन्ट्रास्ट एमआरआय: नायडस आर्टेरियल फेजमध्येच (औषध धमन्यांत पोचताच) उजळतो, ॲब्सेसची फक्त कडा.

ऑर्थो_रेसिडेंट: सीटी झाला. ७ मिमीचा नायडस, मध्ये कॅल्सिफिकेशनचा ठिपका, बाजूला दोन खाचा. आता?

छायाप्रकाश: सीटीखाली आरएफए (रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन, सुईच्या टोकाच्या उष्णतेने नायडस जाळणं). ९० अंश सेल्सिअसला ५-६ मिनिटं. सुईचं उघडं टोक १ सेंमीचं असलं की साधारण १ सेंमी व्यासाचा भाग जळतो, तुम्हाला एकच पोझिशन पुरेल. मोठी नर्व्ह (मज्जातंतू) १ सेंमीच्या आत नाही ना, हे पाहा. भूल पूर्ण हवी. नायडसमध्ये सुई शिरताच पल्स उसळते. नमुना जाळण्याआधीच घ्या, नंतर पॅथॉलॉजिस्टच्या हाती नुसतं भाजलेलं हाड येतं.